पाषाण तलाव आणि वेताळ टेकडी : पक्षी बघायला सुरुवात कुठून करावी?

सुतारवाडी_नवी
नमस्कार मंडळी. यंदा जूनमध्ये आम्ही पुण्यात पाषाणला राहायला आलो. तलाव घरापासून चालत जाण्याइतका जवळ, आणि पंचवटीकडून वेताळ टेकडीही फार लांब नाही. लेक सहावीत आहे. शाळेत पक्षी सप्ताहात (5 ते 12 नोव्हेंबर) काही उपक्रम झाला, तेव्हापासून तिने पक्ष्यांचा ध्यास घेतलाय. सासरे सत्तरीचे आहेत. त्यांनाही यायचंय, पण चढ-उताराला गुडघे साथ देत नाहीत.

विचारायचं हे की तलाव आणि टेकडी एकाच सकाळी होतील का? दुर्बीण कोणती घ्यावी? आणि शेजारी म्हणतात, "तलाव जलपर्णीने भरलाय, आता तिथे काही दिसत नाही." हे कितपत खरं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. आम्ही तिघंही अगदी कोरे आहोत.

रानवाट
एका सकाळी दोन्ही नको. उन्हं चढली की पक्षी गप्प होतात आणि मुलं कंटाळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तलाव, आणि पाऊस सुरू झाला की टेकडी.

पाणकाठ
शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. पाषाण तलाव म्हणजे रामनदीवर घातलेला बांध. ब्रिटिश काळात गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या बंगल्याला पाणी पुरवायला तो बांधला. आता नदीच्या वरच्या अंगाला, भूगाव-बावधनकडे वस्ती वाढली आणि पाण्यासोबत सांडपाणीही येतं. जलपर्णीला तेच हवं असतं. हिवाळी बदकांना मात्र उघडं पाणी लागतं, म्हणून त्यांनी पाठ फिरवली. पूर्वी इथे थंडीत बदकांचे थवेच्या थवे उतरत. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना आताचा तलाव बघून वाईट वाटणारच.

पण "काही दिसत नाही" हे चूक. उद्या सकाळी साडेसहाला बांधावर उभ्या राहा. वंचक, राखी बगळा, पाणकावळे, जांभळी पाणकोंबडी, टिबुकल्या, वारकरी हे बहुधा दिसतीलच. हळदी-कुंकू बदक वर्षभर असतं. चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके, लेकीला एकदा दाखवलंत की विसरणार नाही. काठच्या चिखलात तुतवार शेपूट खालीवर हलवत फिरत असतो. तारेवर खंड्या. त्याने मासा पकडला तर दुर्बीण हलवू नका. तो मासा फांदीवर आपटतो, उलटसुलट करतो आणि डोक्याकडून गिळतो. शेपटीकडून गिळला तर पर घशात अडकतील. मुलांना हा एक प्रसंग दहा नावांपेक्षा जास्त शिकवून जातो.

आजोबांसाठी तर तलावच उत्तम. बांध सपाट आहे.

वाटसरू_पुणे
वारकरी दिसले की आमचा मुलगा हात जोडून "माउली" म्हणतो. काळ्या अंगावर कपाळाचा पांढरा टिळा बघितला की त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही 🙂

दुर्बीणवाले_काका
8x42 घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुकानदार 10x50 गळ्यात मारायला बघेल, "जास्त पॉवर" म्हणून. मुलीच्या हाताला ती जड होईल, चित्र थरथरेल आणि दिसणारा भागही लहान होईल. उडता पक्षी सापडणारच नाही.

सासऱ्यांना चष्मा असेल तर डोळ्यापाशी जे रबर असतं ते खाली दुमडायचं आणि चष्मा लावूनच बघायचं. वर असलेल्या रबराने चष्मेवाल्यांना मधोमध एक छोटा गोल दिसतो, बाकी काळोख, आणि मग "मला नाही जमत" म्हणून दुर्बीण परत कपाटात जाते. उजव्या डोळ्यापाशी वेगळी चकती असते, तीही एकदा जुळवून घ्या: आधी डावा डोळा उघडा ठेवून मधलं चाक फिरवायचं, मग फक्त उजवा उघडून ती चकती. पुन्हा हात लावायचा नाही.

आणि आधी पक्षी डोळ्यांनी धरायचा. नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. घरी गच्चीवरून पाण्याच्या टाकीवरच्या कावळ्यांवर सराव करा.

सुतारवाडी_नवी
काका, रबराचं सांगितलंत ते फारच कामाचं. शेजारच्यांची दुर्बीण मागून आणली होती आणि सासरे नेमकं हेच म्हणाले होते, "मधे टिकलीएवढं दिसतंय." आज दुमडून दिली. खिडकीतून साळुंकी बघून केवढे खूश झाले!

ठाम_मत
जलपर्णी एकदाची पूर्ण काढली की बदकं परत येतील. इतका साधा प्रश्न आहे. दरवर्षी अर्धवट काढतात आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच.

पाणकाठ
@ठाम_मत, काढायला हवी याबद्दल दुमत नाही. पण मूळ दुखणं सांडपाणी आहे. त्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसली जाते. वरून खत चालूच ठेवून खालून गवत उपटत बसल्यासारखं आहे हे. सांडपाणी शुद्ध करून सोडलं तर काढलेली जलपर्णी इतक्या झपाट्याने परत येणार नाही.

दुसरं, ती एका झटक्यात, जून-जुलैमध्ये तर अजिबात काढू नये. पावसाळ्यात कमळपक्षी त्या तरंगत्या पानांवर अंडी घालतात. अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं नराकडे असतं. धोका वाटला की तो पिल्लं पंखांखाली कवेत घेऊन चालायला लागतो, त्यांचे लांब लांब पाय खाली लोंबत असतात. तेव्हा यंत्र घातलं तर ती सगळी वीण गेली. काम व्हावं ते विणीचा हंगाम टळल्यावर आणि टप्प्याटप्प्याने, काठाजवळचा थोडा भाग राखून.

ठाम_मत
हंगामाचा मुद्दा पटला. पण "काठाजवळचा भाग राखून" म्हटलं की कंत्राटदाराला ती पळवाट मिळते आणि निम्मा तलाव तसाच राहतो. शिवाय डास! काठावर राहणाऱ्यांनी काय करायचं? पक्ष्यांइतकीच माणसंही तिथली आहेत.

तलावाशेजारी
मी काठावरच राहते. संध्याकाळी सहाला खिडक्या लावून बसावं लागतं. ठाम_मत यांचं म्हणणं आमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. पण त्याच खिडकीतून जांभळ्या पाणकोंबडीची काळी पिल्लंही दिसतात आणि ती जावीत असं मला वाटत नाही. दोघांनाही स्वच्छ पाणी हवंय. भांडायचं तर सांडपाण्यासाठी एकत्र भांडू या.

ठाम_मत
यावर मात्र पूर्ण सहमत.

आकडेमोड
एक भर. तलावाचा कस नुसत्या पक्ष्यांच्या संख्येवरून ठरवू नका. शेकाट्या घाण पाण्यातही मजेत राहतो, तिथल्या अळ्या-किड्यांवर त्याचं छान भागतं. शेकडो शेकाट्ये बघून "वा, काय जिवंत पाणी आहे" असं वाटू शकतं. कोणत्या जातीचे किती आणि पूर्वी काय होतं, हे बघावं लागतं.

त्यासाठी नोंदी हव्यात. ताई, लेकीला एक वही द्या. तारीख, वेळ, हवा, किती माणसं बघत होती, आणि प्रत्येक जातीचे किती. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर तुमची नोंद अभ्यासकांच्याही उपयोगी पडते. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतं, चार दिवसांचं. फक्त पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं, अगदी बाल्कनीतून. सहावीतल्या मुलीला जमण्यासारखं आहे.

माळरान
आता टेकडीबद्दल. वेताळ टेकडी ही पुणे शहराच्या हद्दीतली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. पंचवटी, चतुःश्रृंगी, लॉ कॉलेज, कोथरूड, कुठूनही चढा. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीपाशी थोडा वेळ बसलात तर पक्षी पाण्यावर येताना दिसतात.

माझ्या मते टेकडीचा खरा हंगाम मेअखेर सुरू होतो. पावसाच्या तोंडाशी नवरंग येतो. दिसायच्या आधी ऐकू येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची स्पष्ट शीळ. जमिनीवर पाचोळा उलथत किडे शोधतो, त्यामुळे वर बघणाऱ्यांना सापडत नाही. चातकही त्याच सुमाराला, डोक्यावर तुरा आणि पोटाकडून पांढरा. सातभाईंचा थवा दिसला तर आसपास चातक आहे का बघा, त्यांच्या घरट्यात तो अंडी घालतो. मोर तर आहेतच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस-पांगारा फुलला की भोरड्यांची (गुलाबी मैनांची) झुंबड. गणेरीची पिवळी फुलंही तेव्हाच, निष्पर्ण फांद्यांवर.

आणि माथ्यावरचा उघडा, गवताळ भाग चुकवू नका. चंडोल, तिरचिमण्या, तित्तर, लावे तिथेच. लोक त्याला "ओसाड" म्हणतात, ते ऐकून मला फार त्रास होतो.

हरित_रविवार
@माळरान, तुमचा रोख आमच्यासारख्यांवर असावा म्हणून लिहितो. आमचा गट दर रविवारी टेकडीवर झाडं लावतो, पाणी घालतो. जुने फोटो बघा, सगळे डोंगर बोडके होते. आज जी सावली आहे ती कुणीतरी लावली म्हणून आहे. झाडं लावण्याला विरोध मला कळतच नाही.

माळरान
तुमचा रविवारचा घाम मी बघितलाय आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे. बोलणं झाडांविरुद्ध नाही. कुठे आणि कोणतं, एवढंच आहे.

टेकड्या झटपट हिरव्या व्हाव्यात म्हणून पूर्वी गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं, ज्याला उंदीरमारी म्हणतात. शेळ्या-मेंढ्या फारशा खात नाहीत, पाऊस कमी पडला तरी जगतं, म्हणून ते निवडलं. शिंजीर पक्षी त्याच्या फुलांवर येतात, हे खरं. पण दाट वाढलं की खाली इथलं गवत आणि झुडपं टिकत नाहीत. सालई, मोई, गणेर ही या खडकाळ जमिनीची झाडं. ती विरळ वाढतात, मधे गवत राहतं. चंडोलाचं घरटं असतं कुठे? जमिनीवर, गवताच्या ठोंबाआड, वाटीएवढ्या खळग्यात. तिथे दर दोन मीटरवर खड्डा खणला की चंडोल गेला. आणि त्याला जायला आसपास दुसरी जागा उरलेली नाही, बाकी सगळीकडे इमारती आहेत.

गवताळ माळ हा आपल्या पावसाच्या सावलीतल्या मुलखाचा स्वतःचा अधिवास आहे. सासवड, इंदापूरकडचे माळ बघा. कडबनवाडीचे चिंकारे अशा माळावरच जगतात. तिथे दाट झाडी केली तर ते उपकार ठरणार नाहीत.

हरित_रविवार
जमिनीवर घरटं असतं हे ठाऊक होतं, पण आम्ही खड्डे खणतो ते मे महिन्यात आणि झाडं लावतो जूनमध्ये, म्हणजे ऐन विणीत, हे तुमच्या लिहिण्यातून डोळ्यासमोर आलं. माथ्याचा भाग सोडून फक्त उताराच्या घळींमध्ये लावायचं ठरवलं तर? आणि यादी द्याल का इथल्या झाडांची? गटात मांडतो. सगळे लगेच ऐकतील असं नाही, काहींना मोकळी जागा दिसली की राहवत नाही.

माळरान
घळी उत्तम, माती आणि ओल तिथेच टिकते. यादी आज रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पुढच्या रविवारी मीही येतो, कुठला पट्टा सोडायचा ते जागेवर बघू.

लेन्सवाला
नवरंगाचा विषय निघालाय म्हणून, मोबाइलवर त्याचा आवाज लावला की तो दोन मिनिटांत समोर येतो. नवीन लोकांना, मुलांना दाखवायला सोपं पडतं. जपून वापरलं तर काय हरकत आहे?

रानवाट
कृपया नको. नवरंग इथे येतो तेच विणीसाठी. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरलाय असं समजून तो चारा सोडून धावत येतो. एका सकाळी दहा जणांनी आवाज लावला तर तो दिवसभर नसलेल्या शत्रूला शोधत राहणार. "जपून" प्रत्येक जण म्हणतो, बेरीज मात्र पक्ष्याच्या वाट्याला येते.

घरट्यांचंही तेच. फोटोसाठी आडवी फांदी बाजूला केली की ऊन आणि कावळे दोन्ही आत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अंडी आणि घरटीही राखलेली आहेत, निव्वळ पक्षी नव्हेत.

लेन्सवाला
एकटा माणूस म्हणून मला ते किरकोळ वाटत होतं. दहा जणांची बेरीज हा मुद्दा वेगळा आहे, मान्य. पण मग सहावीतल्या मुलीला नवरंग दाखवायचा कसा? तासभर थांबून काहीच दिसलं नाही तर ती पुन्हा येईल?

रानवाट
शीळ ऐकू द्या. झुडपाची कमान दिसेल अशा जागी खाली बसा, पाठ झाडाला टेकवून. उभ्या माणसाला तो बुजतो, बसलेल्याला कमी. आणि नाही दिसला तर टकाचोर आहे, सुभग आहे, कोतवाल आहे. मुलांना दुर्मीळ-सामान्य हा भेद मोठी माणसंच शिकवतात. माझ्या भाचीला आजही सगळ्यात जास्त वेडा राघू आवडतो, कारण तो उडून किडा पकडून परत त्याच काटकीवर येऊन बसतो आणि तिला तो "पाठ झालाय".

करमळीकार
गोव्याहून नमस्कार. आमची करमळीची तळी अशीच, जुन्या गोव्याजवळ, रेल्वे स्टेशनाला लागूनच. हिवाळ्यात अडई बदकांचे थवे असतात, कमळपक्षीही. तिथे बघायला येणाऱ्यांत निम्मे लोक गाडीची वाट बघणारे प्रवासी असतात! तलाव रोजच्या वाटेवर असला की त्याच्यावर प्रेम करणारे वाढतात असा माझा अनुभव. तुमच्याकडे शाळेच्या सहली तलावावर नेता येतील का बघा.

हडसनपार
मी न्यू जर्सीत असतो. इथे ग्रेट स्वॅम्प नावाचं पाणथळ राखीव क्षेत्र आहे. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आणि शेवटी आडोशाची खोली, तिच्या भिंतीला वेगवेगळ्या उंचीवर झरोके. लहान मुलं आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसंही तिथून बघू शकतात. पाषाणला असा एखादा साधा बांबूचा आडोसा झाला तर आजोबांसारख्यांची किती सोय होईल! सुशोभीकरणात कारंजी आणि रंगीत दिवे लावले जातात, तो खर्च इकडे वळवायला हवा. दिव्यांनी रातबगळे हैराण होतात.

पाणकाठ
@हडसनपार, दिव्यांबद्दल अगदी मनातलं लिहिलंत. आडोशाची कल्पना इथल्या गटात नक्की मांडतो.

मिसळ_आधी
इतकी चर्चा झाली आणि पक्षी बघून झाल्यावर नाश्ता कुठे, हे कुणीच सांगितलं नाही?

वाटसरू_पुणे
डब्यात थालीपीठ आणि दही. मात्र शेव, पाव काठावर टाकू नका. मोरांना धान्य टाकणारेही टेकडीवर भेटतात, त्यांनाही गोड बोलून सांगा. दाणे टाकले की मोर एका जागी गोळा होतात आणि मोकाट कुत्र्यांना आयतेच सापडतात.

दुर्बीणवाले_काका
टेकडीचा विषय आहे तर रस्त्याबद्दलही लिहायला हवं. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीच्या अंगावरून काढायचा प्रस्ताव आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध मोठी पदयात्रा निघाली, मीही होतो. वाहतुकीचा जाच मलाही होतो, कर्वे रस्त्यावर रोज अडकतो. पण पावसाचं पाणी याच टेकडीत मुरतं आणि खालच्या विहिरी-बोअरला मिळतं. टेकडी फोडली तर ते पुन्हा जोडता येणार नाही.

ठाम_मत
काका, रस्त्यासाठी वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो. इथे ताईंना अजून सरळ उत्तर मिळालेलं नाही 🙂

रानवाट
खरंय. ताई, थोडक्यात: फेब्रुवारीपर्यंत फक्त तलाव, आठवड्यातून एकदा, एकाच बांधावर आणि एकाच वेळी. सूर्य पाठीशी येईल असं उभं राहा, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतात. कपडे मातकट. लेकीला नावांची घाई लावू नका, आधी चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, एवढंच ठरवू दे. मग चोच, मग पाय, मग शेपटीची हालचाल. सप्टेंबरपासून आलेला करडा धोबी हा पाहुणा पक्षी कधी दिसेनासा होतो, ते तिला शोधू दे. मार्चमध्ये टेकडी, भोरड्यांसाठी. जूनमध्ये पुन्हा टेकडी, नवरंगासाठी. आजोबांना टेकडीवर यायचं असेल तर जिथवर गाडी जाते तिथवर जाऊन पुढे सपाटीवर थोडं चालता येईल.

सुतारवाडी_नवी
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा लेकीला वाचून दाखवला. कमळपक्ष्याचे बाबा पिल्लं कवेत घेऊन चालतात हे ऐकून ती लगेच तिच्या बाबांकडे बघायला लागली. वही आणलीय, पहिल्या पानावर साळुंकी 4, कावळे 7, आणि "घार 1 (खूप उंच)" अशी नोंद आहे. येत्या रविवारी तिघं बांधावर जातोय. सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची घेतली तर चालेल ना?

दुर्बीणवाले_काका
चालेल म्हणजे, आणाच. मीही साडेसहाला तिथे असेन, जास्तीची दुर्बीण आणतो. त्यांचा चष्मा विसरू नका.

पाणकाठ
मीही येतो. थोडं खाली, झुडपांच्या कडेला बसू, तिथून पाणकोंबड्या जवळ येतात. खुर्ची फडफडणाऱ्या कापडाची नसावी, एवढं बघा.